बाजेचा चौथा पाय

नागपुरातल्या आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, बैठकीत गेल्या महिन्यात हायमास्टवरून वाजलं. मैदानाच्या कोपऱ्यात उंच खांब उभा राहिला, त्यावर चारी दिशांना तोंडं करून पांढरेफटक एलईडी लागले आणि पहिल्याच रात्री दोन तट पडले. एक तट म्हणे, उजेड म्हणजे सुरक्षा, उजेड म्हणजे विकास. ज्याला सोसत नाही त्यानं पडदे लावावेत. दुसऱ्या तटात आम्ही तिघं-चौघं, गच्चीवर दुर्बिणी लावून बसणारे. आमच्यातला एक जण तावातावानं "दिवाच नको" म्हणाला आणि तिथेच आम्ही हरलो. मग एका ज्येष्ठ सभासदांनी समजुतीच्या सुरात निकाल दिला, "ताई, तुम्हाले तारे पाहाचे असन तं पेंचले जा ना. त्याच्यासाठीच तं केलं ते." सगळे हसले, चहा आला, विषय संपला.

माझ्या मते हा वाद दोन्ही बाजूंनी वाईट लढला गेला. उजेड हवा की अंधार, हा प्रश्नच नव्हता. वर्गणी काढून पेटवलेला उजेड रस्त्यावर पडतो की आभाळात जातो, एवढंच विचारायचं होतं. आणि ते काकांचं पेंच, अंधाऱ्या आकाशासाठी मान्यता मिळालेलं जंगल! आकाश ही काय वाघासारखी अभयारण्यात हलवायची गोष्ट आहे? शहराच्या डोक्यावरचं आकाश शहराचंच आहे. ते गच्चीवरून दिसलं पाहिजे, आणि दिसू शकतं. त्यासाठी कोणाच्या दारातला दिवा काढायची गरज नाही.

काय दिसायचं राहिलंय ते आधी सांगते. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की सप्तर्षी समोर येतात. माझी आजी त्यांना सप्तर्षी म्हणत नसे, म्हातारीची बाज म्हणे. चौकोन ही बाज, आणि पुढचे तीन तारे म्हणजे बाजेचे पाय चोरायला आलेले तीन चोर. हीच बाज नि हेच चोर गोंडांच्या आकाशातही आहेत. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंडांच्या खगोलज्ञानावर २०१३ मध्ये शोधनिबंध लिहिला, त्यात ते भेटतात. हे शहर वसवलं तेच मुळी गोंड राजा बख्त बुलंद शहानं, १७०२ च्या सुमारास. म्हणजे ही गोष्ट नागपूरपेक्षा जुनी असावी. घरोघरी कूलर येण्याआधी इथला उन्हाळा गच्चीवरच निघायचा. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निघून गेली की गाद्या टाकायच्या आणि झोप येईपर्यंत बाजेवर नजर ठेवायची, चोर जवळ आले का बघायला. आता त्या बाजेचे तीन पाय लगेच सापडतात. चौथा, जिथून चोरांची रांग सुरू होते तो कोपऱ्यातला तारा, अत्री, सापडत नाही. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची पायरी, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. बाकीचे सहा ऋषी दुसऱ्या प्रतीच्या आसपासचे, हा एकटा तिसऱ्या प्रतीहूनही मंद. हायमास्ट लागल्यापासून आमच्या गच्चीवरून तो शोधावा लागतो.

वसिष्ठाशेजारची अरुंधती तर चौथ्या प्रतीची. हिवाळ्यातल्या एका लग्नात गुरुजींनी नवरानवरीला लॉनच्या कोपऱ्यात नेऊन आकाशाकडे बोट दाखवलं. डोक्यावरून आकाशात झाडू मारणारे चार झोतदिवे फिरत होते. "दिसली?" गुरुजींनी विचारलं. "दिसली," दोघं एका सुरात म्हणाली. सप्तर्षी उगवायला अजून चार तास होते, पण ते जाऊ द्या.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, कारण तो मलाही लागू आहे. मी बाई आहे. ड्युटी संपवून रात्री साडेनऊला स्कुटीनं मानकापूरच्या पुढे घरी येते. अंधाऱ्या वळणावर पोटात गोळा येतो म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. बैठकीत मला विचारलं गेलं, "मॅडम, तुम्ही बाई असून असं म्हणता?" प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सार्वजनिक वसाहतींत हलवता येणारे दिव्यांचे मनोरे उभारून पद्धतशीर प्रयोग केला गेला, तेव्हा तिथले रात्रीचे, घराबाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हा पुरावा मी झटकणार नाही. जिथे दिवा नाही तिथे तो लागलाच पाहिजे, आणि आमच्या लेआउटच्या मागच्या गल्लीत तो अजूनही नाही, हे जाता जाता सांगून ठेवते. पण याच विषयावर इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांची १४ वर्षांची आकडेवारी तपासणारा अभ्यास २०१५ मध्ये आला. तिथे काही ठिकाणी दिवे मंद केले होते, काही ठिकाणी मध्यरात्रीनंतर बंद केले होते, आणि त्यामुळे गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन्ही खरे असतील तर अर्थ काय होतो? दिवा कुठे आहे नि कशावर पडतो याला महत्त्व आहे. किती लखलखतो याला तेवढं नाही.

पटत नसेल तर आमच्या मैदानावर या. हायमास्टकडे तोंड करून उभे राहा आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी कोणी उभं आहे का ते सांगा. सांगता येणार नाही. झोत सरळ डोळ्यांत येतो, बाहुली बारीक होते आणि भिंतीची सावली काळीकुट्ट दिसते. आता हात वर करून तळव्यानं फक्त दिवा झाकून बघा. भिंतीपाशी उभा असलेला माणूस दिसतो, त्याच्या हातातली पिशवीसुद्धा दिसते. मी हे शेजारच्या वहिनींना करून दाखवलं तेव्हा त्या दचकल्याच, कारण तिथे खरंच चौकीदार बिडी ओढत बसला होता आणि आम्ही पाच मिनिटं त्याच्यासमोर त्याच्याबद्दलच बोलत होतो. गच्चीवर जाऊन हाच तळवा धरला की बाजेचा चौथा पायही दिसतो. ज्या झोतामुळे मला तारा दिसत नाही, त्याच झोतामुळे वहिनींना चौकीदार दिसत नव्हता. मग बाईची सुरक्षा आणि ताऱ्यांचा छंद एकमेकांसमोर उभे केले ते कोणी?

दुसरा आक्षेप विजेचा: एलईडीनं वीज वाचते, मग तक्रार कशाची? वाचते, खरं आहे. जानेवारी २०१५ मध्ये पथदिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि गावोगावचे पिवळे सोडियम दिवे गेले. पण त्या पिवळ्या दिव्यांचा बहुतेक उजेड वर्णपटाच्या एका पट्ट्यात असायचा. नव्या पांढऱ्या दिव्यांत निळा भाग भरपूर असतो, आणि निळा प्रकाश हवेत पिवळ्याहून कितीतरी जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. रात्री तोच विखुरलेला प्रकाश डोक्यावर दुधी पडद्यासारखा पसरतो. त्यात आमच्याकडे उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रं, उन्हाळ्यात धूळ. हवेत जितके कण जास्त, तितका पडदा जाड. आणि बचतीचं म्हणाल तर १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय: इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळला नाही, स्वस्त पडला म्हणून जास्त जळला. आपण दुसरं काय करतोय? वीज वाचली म्हणून एका दिव्याच्या जागी चार लावले, उड्डाणपुलाच्या खांबांना पट्ट्या गुंडाळल्या, झाडांच्या बुंध्यांना माळा. झाडाला गुंडाळलेल्या माळेखाली कोणती मुलगी सुरक्षित होते? वास्तविक एलईडीचा मोठा गुण असा की त्याचा झोत हवा तिथे, हवा तेवढाच वळवता येतो. सोडियमच्या दिव्याला निदान सबब होती.

इथे आमच्यातलेच काही जण म्हणतात, "फिल्टर लाव की." लावते. मृगातल्या तेजोमेघाचा हायड्रोजन लाल रंगाच्या एका ठरलेल्या रेषेत चमकतो. तेवढीच रेषा आत सोडणारा फिल्टर कॅमेऱ्यापुढे बसवला की नागपुरातूनही सुंदर फोटो निघतो. पण तारकागुच्छ नि दीर्घिका साऱ्या रंगांत चमकतात, आणि पांढरा एलईडीही साऱ्या रंगांत चमकतो. त्याला गाळायला गेलं की तारेही गाळले जातात. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर, ओमेगा सेंटॉरी येतो. लाखो ताऱ्यांचा एक गोळा. उत्तरेला ध्रुवही इथून तेवढ्याच उंचीवर, २१ अंशांवर. हा नागपूरच्या अक्षांशाचा गमतीदार योग आहे. लंडन-पॅरिसच्या हौशी निरीक्षकांना हा गुच्छ घरून कधीच दिसत नाही, तो त्यांच्या क्षितिजावर येतच नाही. आमच्या घरून दक्षिणेकडे अख्खं नागपूर आहे. पूर्वी मी तिथे तीस सेकंदांचं एकेक एक्स्पोजर घेऊन साठ-सत्तर फ्रेमा एकावर एक रचायची आणि गुच्छ कडेपर्यंत मोकळा व्हायचा. यंदा बाराव्या सेकंदालाच फ्रेम ताकासारखी होते. कॅमेरा तोच, लेन्स तीच, गच्ची तीच. बरं, फिल्टर कॅमेऱ्यासाठी मिळतो. शेजारची सातवीतली मुलगी नुसत्या डोळ्यांनी बघते, तिच्या डोळ्याला कोणता फिल्टर लावू?

या उदाहरणावर छंदाचा शिक्का मारला जाईल, आणि मग तिसरा आक्षेप येईल. तो मला खरोखर टोचतो: हे तुमचं थेर आहे, पोट भरलेल्यांचं, दुर्बीण, माउंट, कॅमेरा, लाखाच्या घरातला खेळ, आणि त्यासाठी लेआउटनं काय म्हणून बदलायचं? यात तथ्य आहे. आम्ही हौशी लोक आपसांत यंत्रांबद्दल जेवढं बोलतो तेवढं आकाशाबद्दल बोलत नाही. शिवाय आमच्या फोटोंनी लोकांची दिशाभूलही केली आहे. तासन् तास साठवलेला प्रकाश रंगवून दाखवायचा, आणि मग पाहुणा दुर्बिणीला डोळा लावून विचारतो, "गुलाबी कुठाय? हे तर राखाडी धुकं आहे." मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत, हे फोटोखाली लिहायला आम्ही विसरतो. तेव्हा थोडा दोष आमच्याही पदरात.

पण छंद म्हणून हिणवायचं तर इतिहास जरा बघावा. जेसोरच्या सरकारी खजिन्यात कारकुनी करणारे राधागोविंद चंद्र रात्री घरून रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे, तारे बघायचे. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एकाएकी उजळलेला तारा, म्हणजे नवतारा, त्यांनी नुसत्या डोळ्यांनी टिपला. अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे त्यांनी ३७ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या, आणि त्या लोकांनी या कारकुनाला समुद्रापारहून सहा इंची दुर्बीण पाठवली. हे जुनं झालं म्हणाल, तर २०१६ चा सप्टेंबर घ्या. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात, घराच्या गच्चीवर, व्हिक्टर बुसो नावाचा कुलपं-किल्ल्यांचं काम करणारा माणूस नवा कॅमेरा तपासून बघत होता. त्याच्या फ्रेमांत एका दूरच्या दीर्घिकेतला तारा फुटण्याच्या पहिल्या क्षणांत सापडला, जे जगातल्या मोठमोठ्या वेधशाळांना तोवर असं साधलं नव्हतं. रोसारिओ दहा लाखांहून जास्त वस्तीचं शहर आहे. त्याला कोणी म्हटलं असतं, "जा ना अभयारण्यात," तर?

आणि आकाश किती उजळलं हे तरी कोणी मोजलं? २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी लोकांनी, नुसत्या डोळ्यांनी किती मंद तारा दिसतो याच्या ५१ हजारांवर नोंदी केल्या. त्यांवरून निष्कर्ष निघाला की रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय, म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. उपग्रहांना ही वाढ एवढी दिसली नव्हती, कारण त्यांचे संवेदक निळ्या उजेडाला जवळपास आंधळे. बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या आहेत, आपल्याकडच्या फार थोड्या. म्हणजे नागपूरचं आकाश किती गेलं हे सांगू शकणारे साक्षीदार गच्चीवरच बसलेले आहेत, आणि त्यांनाच आपण पेंचला पाठवतोय.

पेंचचं म्हणाल तर मला त्याचा अभिमान आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. मी गेले आहे. तिथे आकाशगंगा दिसते, आणि पहिल्यांदा बघणारा ढग समजतो. पण 'पेंचला जा' म्हणणाऱ्यांनी तिथे नेमकं काय केलं ते पाहिलेलं नाही. आजूबाजूच्या गावांतले दिवे विझवले नाहीत. पथदिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली. गावातली माणसं रात्री रस्त्यानं चालतात, आणि जंगलाला वाघ राखायला जेवढी शिस्त लागते त्याहून कमी शिस्तीत आकाश राखलं जातं. मग जे खेड्याला जमलं ते महानगराला का जमू नये? नागपूरचं पेंच होणार नाही, हे मी लिहून देते. इथून आकाशगंगा दिसावी असं मी मागतच नाही. साऱ्या आकाशात सहाव्या प्रतीपर्यंतचे सुमारे पाच हजार तारे आहेत, चौथ्या प्रतीपर्यंत येईतो त्यातले पाचशेच उरतात. मला त्या पाचशेंतले माझ्या क्षितिजावरचे अडीचशे हवेत. आणि पेंच ७०-८० किलोमीटर लांब. गाडी, सुट्टी, मुक्काम हे सगळं ज्याला परवडतं त्याचं ते आकाश. महापालिकेच्या शाळेतल्या मुलीला आजीची बाज बघायला गाडी करून न्यायचं? छंद पैसेवाल्यांचा आहे असं म्हणणारे तोडगा मात्र पैसेवाल्यांचाच सुचवतात.

राहिला विकास. लखलखाट हा प्रगतीचा पुरावा वाटतो, यात नवल नाही. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, तेव्हा तिच्या धुराड्याचा धूरही शहराच्या भरभराटीची खूण वाटला असेल. आज कोणी धूर दाखवून विकास सिद्ध करत नाही. आवाजाचंही तसंच. रात्री अकराला लाऊडस्पीकरची तक्रार करणारा एके काळी आनंदात मिठाचा खडा टाकणारा ठरायचा. मग २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ ठरली, निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरली. नियम पाळला जात नाही, हे मान्य. पण निदान फोन करणाऱ्याला आता वेडा म्हणत नाहीत. त्या नियमानं गाणं बंद झालं का? उजेडाला अजून असलं काही मोजमाप लागलेलं नाही, म्हणून आम्ही अजून वेड्यांत आहोत.

लग्नाच्या लॉनवरचे झोतदिवे आठवा. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावानं जाहिरातीसाठी आकाशात झोत फिरवायला १९५८ मध्येच बंदी घातली. गावाशेजारी वेधशाळा होती, जिथे १९३० मध्ये प्लूटो सापडला, तिची राखण म्हणून. ते गाव काही अंधारात बुडालं नाही. दुकानं चालतात, हॉटेलं चालतात, आणि २००१ मध्ये ते जगातलं पहिलं डार्क स्काय शहर ठरलं. फ्रान्समध्ये २०१३ पासून दुकानांच्या काचांमागचे नि इमारतींच्या दर्शनी भागांवरचे दिवे रात्री एकनंतर बंद करावे लागतात. आमच्याकडे रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणात मुलांना घुमटाखाली बसवून तारे दाखवतात. फार चांगलं काम आहे ते, मीही तिथेच पहिल्यांदा नरतुरंग तारकासमूह ओळखायला शिकले. पण बाहेर आल्यावर गांधीसागरच्या काठावर उभं राहून त्यातलं काय दिसतं, हे एकदा बघा.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. या खेपेला मी आकाशाबद्दल बोलणार नाही. तीन गोष्टी मागणार आहे: हायमास्टवरचे दिवे तिरपे आहेत ते सपाट करा, म्हणजे उजेड मैदानात पडेल, पुढच्या वेळी दिवे बदलताना पिवळसर, ३००० केल्विनचे घ्या, आणि मधल्या दोन दिव्यांची मागच्या गल्लीत बदली करा, जिथून क्लासच्या मुली येतात. कोराडी रोडवरच्या एका वेल्डरकडून, वर जाणारा उजेड अडवायला दिव्यांवर बसवायच्या पत्र्याच्या टोप्यांचा दरही काढून आणलाय. जाळीसकट दिवाळीच्या वर्गणीत सहज बसतो. वहिनी माझ्या बाजूनं आहेत. काकांनी फोनवर एकच अडचण सांगितली, "एवढ्या वर चढन कोन?" चढायला नको. हायमास्टचं कडं विंचनं खाली येतं, पाना घेऊन जमिनीवर उभं राहूनच काम होतं. विंचच्या पेटीची किल्ली काकांकडेच आहे.